धागा दिसून राहिला ना, मामा!

फेब्रुवारीतला रविवार होता. संत्र्याच्या साली सोलून सोलून माझी बोटं पिवळी झाली होती आणि समोर सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. दिग्दर्शक माझी भाची, म्हणजे घरातली ताई, इयत्ता सहावी. कॅमेरामन तिचा धाकटा भाऊ, इयत्ता तिसरी, हातात आईचा फोन. विज्ञान दिनासाठी शाळेत एक मिनिटाची फिल्म दाखवायची होती. तिचं नाव ‘अदृश्य माणूस संत्रा खातो’.

हिरो अदृश्य, त्यामुळे तो शोधायची कटकट नव्हती. सगळा भार संत्र्यावर! आजीच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा चिकटपट्टीने संत्र्याला लावला. ताई स्टुलावर चढली आणि संत्रं हळूहळू वर उचललं. ते वर गेलंही, पण भोवऱ्यासारखं स्वतःभोवती गरगर फिरायला लागलं.

फोनमध्ये बघितल्यावर धाकट्याने निकाल दिला, “मामा, धागा दिसून राहिला ना!”

“काहून दिसून राहिला? इतका तर बारीक आहे!” ताई चिडली.

प्रश्न फार मोलाचा होता, बरं का! हाच प्रश्न मुंबईच्या स्टुडिओंमधल्या भल्याभल्या कारागिरांना पडला होता.

तुम्ही ‘मिस्टर इंडिया’ पाहिलाय? नसेल तर आईबाबांना विचारा, त्यांना तो तोंडपाठ असेल. २५ मे १९८७ ला हा सिनेमा आला. लिहिला सलीम-जावेद यांनी, दिग्दर्शक शेखर कपूर. अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या अरुणच्या, म्हणजे अनिल कपूरच्या हाती मनगटावर बांधायचं एक यंत्र लागतं. ते चालू केलं की माणूस गायब! मग तो दुष्ट मोगॅम्बोशी लढतो. एका प्रसंगात तर हनुमानाची मूर्ती आपोआप उठते आणि चोराला चोप देते. आपल्याला माहीत असतं की मूर्ती अरुणच्या हातात आहे. चोराला बिचाऱ्याला काय ठाऊक!

यात कॉम्प्युटरची करामत शून्य. ही सगळी जादू केली पीटर परेरा नावाच्या कसबी कॅमेरामनने. ‘अमर अकबर अँथनी’चं छायाचित्रणही त्यांचंच.

आता एक गंमत सांगतो. अदृश्य माणसाच्या सिनेमात सगळ्यात जास्त काम कोणाला असतं? इतरांना! हिरो दिसतच नाही, म्हणून तो ‘आहे’ हे बाकीच्यांनी दाखवायचं. खुर्चीने आपणहून मागे सरकायचं, दाराने उघडायचं, आणि गुंडाने हवेतून ठोसा खाऊन धडपडायचं. तो ठोसा कुठून आला, हे त्याच्या मानेने सांगायचं. करून बघा आरशासमोर. खोटा ठोसा मारणं सोपं आहे, खोटा ठोसा खाणं महाकठीण!

पण आपण धाग्यावर होतो.

‘मिस्टर इंडिया’च्या बरोबर ५० वर्षं आधी, १९३७ साली, ‘ख्वाब की दुनिया’ नावाचा सिनेमा आला होता. दिग्दर्शक विजय भट्ट. त्यातही एक अदृश्य माणूस होता. वस्तू हवेत तरंगवायचं काम बाबूभाई मिस्त्री या जादूगाराकडे होतं. त्यांनी काय वापरलं असेल? काळा धागा आणि त्यामागे काळा पडदा! या युक्तीने ते इतके गाजले की लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणू लागले.

“म्हणजे आपला दोरा जाडा नाही, तो पांढरा आहे!” ताई ओरडली.

अर्धं बरोबर. आपला डोळा काय किंवा कॅमेरा काय, वस्तू ओळखतो ती तिच्या मागच्या रंगापेक्षा ती वेगळी दिसते म्हणून. शुभ्र भिंतीवर काळी मुंगी लगेच दिसते. तीच मुंगी काळ्या छत्रीवर सोडा, शोधत बसाल. काळी वस्तू तिच्यावर पडलेला बहुतेक उजेड गिळून टाकते, परत पाठवतच नाही. उजेडच आला नाही तर कॅमेऱ्याला दिसणार काय?

हॉलिवूडवाल्यांनी १९३३ मध्ये ‘द इनव्हिजिबल मॅन’ काढला, तेव्हा तर त्यांनी नटालाच काळ्या मखमलीत गुंडाळलं. त्यावर शर्ट-पँट चढवली आणि मागेही काळी मखमल लावली. कॅमेऱ्यात आले फक्त चालते-फिरते कपडे, वर डोकं नाही! फिल्मवर जिथे काळं, तिथे कोरी पाटी. त्या कोऱ्या जागेत मग खोलीचं वेगळं काढलेलं चित्र बसवायचं. झाला अदृश्य माणूस तयार.

आता ‘मिस्टर इंडिया’तली सगळ्यात झकास युक्ती. अदृश्य अरुण लाल उजेडात किंवा लाल काचेतून दिसतो! ते यंत्र कल्पनेतलं आहे, पण लाल काचेचा खेळ मात्र खरा आहे. स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटिन पेपर आणा. पांढऱ्या कागदावर फिकट निळ्या पेन्सिलीने एक माणूस काढा. त्याच्यावर लाल आणि नारिंगी खडूने वेड्यावाकड्या दाट रेघोट्या मारा, माणूस ओळखू येईनासा होईपर्यंत. आता लाल कागदातून बघा.

रेघोट्या गडप, माणूस हजर!

असं का होतं? लाल जिलेटिन फक्त लाल उजेड आत सोडतो, बाकीच्या रंगांना दारातच अडवतो. पांढरा कागदही लाल दिसतो आणि लाल रेघोट्याही लाल. मग लालात लाल हरवणारच, काळ्या छत्रीवरच्या मुंगीसारखं. निळ्या रेघांकडून मात्र लाल उजेड फारसा येत नाही, म्हणून त्या काळसर होऊन उठून दिसतात.

“पण मामा, माणूस खरंच गायब होऊ शकतो का?” धाकट्याने फोन खाली ठेवून विचारलं.

एच. जी. वेल्स नावाच्या इंग्रज लेखकाने १८९७ साली यावर अख्खी कादंबरी लिहिली. त्याचं म्हणणं असं की काच आपल्याला दिसते, कारण तिच्यातून जाताना उजेड वाकतो आणि थोडा परत फिरतो. पण काचेभोवतीचा पदार्थ उजेडाला तेवढाच वाकवणारा असेल तर? मोठ्यांना सोबत घ्या आणि बोरोसिल काचेची लहान परीक्षानळी खायच्या तेलात पूर्ण बुडवा, आतही तेल भरू द्या. नळी जवळजवळ दिसेनाशी होते! तेल आणि ती काच उजेडाला साधारण सारखंच वाकवतात.

वेल्सच्या गोष्टीत आधी एक मांजर गायब होते, पण तिच्या डोळ्यांमागचा चमकणारा पडदा काही गायब व्हायला राजी नसतो. आणि खरी गोम डोळ्यांतच आहे. आपल्याला दिसतं, कारण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड अडतो. अदृश्य माणसाच्या डोळ्यांतून उजेड आरपार जाणार, अडणारच नाही. मग त्याला काय दिसणार? काहीच नाही! म्हणजे खरा मिस्टर इंडिया मोगॅम्बोला शोधत भिंतींना धडकत फिरला असता.

हा उजेड मोठा खोडकर आहे. त्याच्या खोड्या पकडण्यात सी. व्ही. रामन यांनी आयुष्य घालवलं. २८ फेब्रुवारी १९२८ ला त्यांनी जो शोध लावला, त्याच्या आठवणीत आपण विज्ञान दिन पाळतो. आणि कॉलर ताठ करा, नागपूरकरांनो! तरुणपणी सरकारी हिशेबखात्यात नोकरी करताना रामन काही काळ आपल्या नागपुरातही होते. गांधीसागर तलावासमोरच्या विज्ञान केंद्राला त्यांचंच नाव आहे.

“बरं, मग आता?” ताई पुन्हा स्टुलावर चढली.

आता आजीची काळी शाल भिंतीवर टांगली. डब्यातून काळा दोरा निघाला, या वेळी दोन पदर, संत्र्याच्या दोन बाजूंना चिकटवलेले, म्हणजे गरगर बंद. तरी पहिल्या टेकला दोरा चमकलाच, कारण खिडकीचं ऊन थेट त्याच्यावर पडत होतं. पडदा अर्धा ओढला.

“अ‍ॅक्शन!”

संत्रं टेबलावरून उठलं, क्षणभर थबकलं आणि डुलत डुलत वर गेलं. धागा? कुठला धागा? आजी भाजी चिरता चिरता थांबली आणि फोनमध्ये डोकावून म्हणाली, “अगं बाई, हे कसं केलं?” अख्खा वेळ ती तिथेच बसली होती, शाल तिची, दोरा तिचा, तरीही!

शेवटच्या दृश्यासाठी संत्रं हवं होतं तेव्हा मात्र टेबलावर फक्त सालं होती. धाकटा तोंड पुसत होता.

“मी नाही खाल्लं,” तो म्हणाला. “अदृश्य माणसाने खाल्लं.”