दोन शॉकअपची सायकल आणि तिची बैठक

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन मुलूख मानतात. रोहिणखेड हे घाटाखालचे, पण अजिंठ्याच्या डोंगराला पाठ टेकून बसलेले गाव. अशा ठिकाणच्या उतारांसाठी आणि गोट्यांच्या वाटांसाठी एक निराळी सायकल असते. तिला पुढच्या चिमट्यात शॉकअप असतो आणि मागच्या चाकालाही असतो. साध्या सायकलीचे मागचे चाक फ्रेमला पक्के असते. हिचे मात्र बिजागरीवरच्या दारासारखे वरखाली हलते.

ही कल्पना अगदी आजची नव्हे. इंग्लंडमध्ये ॲलेक्स मोल्टन यांनी १९६२ साली दोन्ही चाकांना धक्के शोषणारी सायकल बाजारात आणली. पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर डोंगरी सायकल घडली आणि १९८९ च्या सुमारास तिला शॉकअपचा चिमटा मिळू लागला.

तुम्ही म्हणाल, "म्हणजे अंगाला धक्का बसत नाही, एवढेच ना?" एवढेच नव्हे. टांग्याच्या कमानी लवल्या तरी टांगा दोन चाकांवर आणि घोड्यावर तोलून असतो. सायकलीचा तोल तिच्या कोनांवर पुष्कळ अवलंबून असतो, आणि शॉकअप दबला की हे कोनच बदलतात. म्हणून शॉकअप लावणे म्हणजे सायकलीची बैठक लावणे होय.

पहिला कोन हँडलच्या नळीचा. डोंगरी सायकलीत तो जमिनीशी बहुधा ६४ ते ६७ अंश असतो. नळी कललेली असेल तर उतारावर सायकल स्थिर राहते. नळी उभी झाली तर वळण चपळ होते, पण पुढचे चाक गोट्याला अडताच स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती वाढते. शिक्षक बंधुभगिनींनी हे फळ्यावर काढून दाखवावे. दोन चाकांच्या आसांत ११५ सें.मी. अंतर धरा. पुढची बाजू २ सें.मी. खाली गेली की कोन सुमारे १ अंशाने बदलतो.

दुसरे माप पायडलच्या आसाच्या उंचीचे. आस जमिनीपासून ३४ सें.मी. आणि क्रँक १७ सें.मी. असेल, तर खाली आलेले पायडल जमिनीपासून १७ सें.मी. वर राहते. स्वार बसताच त्यातले तीनेक सें.मी. जातात. शॉकअप फार मऊ असेल तर पायडल गोट्यावर आदळलेच म्हणून समजा.

आता प्रत्यक्ष मोजणी. मागच्या शॉकअपच्या दोन बोल्टांमधले अंतर रिकाम्या सायकलीवर मोजा. मग स्वाराने दप्तर किंवा पाणी जे नेहमी नेतो ते घेऊन, भिंतीला हात टेकून बसावे; दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. फरक शॉकअपच्या एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के असावा. चाल ५५ मि.मी. असेल तर १४ ते १६ मि.मी. पुढच्या चिमट्यात १५ ते २५ टक्के पुरे. मोजताना मिलिमीटरचीही हयगय नको, कारण येथे पहारीचाच न्याय आहे. शॉकअप ५५ मि.मी. दबतो तेव्हा चाक १४० मि.मी. उचलले जाते, म्हणजे येथला १ मि.मी. चाकाशी अडीच होतो.

जास्त दबत असेल तर हवेच्या शॉकअपमध्ये हवा वाढवावी, पण शॉकअपच्या खास पंपाने. टायरच्या पंपाचे ते काम नाही. स्प्रिंगचा असेल तर वरची चकती एकदोन फेरे आवळावी. तेवढ्याने भागले नाही तर चकती पिळत बसू नये, अधिक ताकदीची स्प्रिंग घालावी. काही महाग सायकलींत बोल्टाची जागा उलटवून कोन अर्धा अंश बदलण्याची सोय असते. तेथे दोन्ही बाजू सारख्याच ठेवाव्यात.

मागचा शॉकअप ताठ आणि पुढचा मऊ, ही बैठक सर्वांत वाईट. राजूर घाटासारख्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला की सायकल नाक खुपसते आणि कोन नको तेव्हाच उभा होतो. स्वस्त सायकलीला मापापेक्षा लांब शॉकअप बसवला तरी हाच परिणाम होतो. मागची बाजू उचलली जाते.

शेवटची गोष्ट घराघरातली आहे. ७० किलोच्या वडिलांसाठी लावलेली सायकल ४० किलोच्या मुलीच्या हाती दिली, तर शॉकअप जेमतेम दबतो. चाक खड्ड्यात उतरत नाही, वरच्यावर उडते आणि रस्त्यावरची पकड सुटते. तेव्हा सायकल दुसऱ्याला देण्याआधी पाच मिनिटे पट्टी घेऊन बसा, आणि प्रत्येकाचे वजन व त्याचे माप वहीत टिपून ठेवा. स्वार बदलला की बैठकही बदलावीच लागते.