नाशिकरोडची बाळ येशू यात्रा

यात्रा म्हटली की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे सिंहस्थाचे रामकुंड उभे राहावे, हे या क्षेत्राचे माहात्म्य जाणणाऱ्यास स्वाभाविकच वाटेल. परंतु दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी-रविवारी मुंबई, वसई, गोवा या बाजूंनी जे सहस्रावधी कॅथलिक भाविक नाशिकरोडला मुक्कामी दाखल होतात, त्यांची पावले गोदावरीकडे न वळता नेहरूनगरजवळच्या बाळ येशूच्या मंदिराकडे वळतात.

या भक्तीचे मूळ दूरदेशीचे, प्राग नगरीतले आहे. स्पेनमधून बोहेमियात आलेली, लाकडी गाभ्यावर मेणाचा लेप चढवलेली, जेमतेम दीड फूट उंचीची बाळ येशूची मूर्ती पोलिक्सेना लोबकोविच या उमराव घराण्यातील स्त्रीने १६२८ साली तेथील कार्मेलाईट मठाच्या सुपूर्द केली. तीनच वर्षांनी सॅक्सनीच्या सैन्याने शहर घेतले, मठ लुटला, मूर्ती अडगळीत पडली. आणि १६३७ मध्ये फादर सिरिल यांच्या हाती लागली, ती दोन्ही हात तुटलेल्या अवस्थेत. पुढे तिचा लौकिक इतका वाढला की सम्राज्ञी मारिया तेरेसा हिनेही तिला झगा अर्पण केला. उपासनेच्या काळानुसार या बालमूर्तीची वस्त्रे बदलतात. पंढरीच्या विठोबाचे पोशाख पाहिलेल्या माणसास त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

नाशिकरोडचे हे मंदिर येशूसंघीयांचे, म्हणजे १६१६ साली मराठीत ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणाऱ्या फादर स्टीफन्स यांच्याच संघाचे. यात्रेत मराठी, इंग्रजी, कोकणी अशा निरनिराळ्या भाषांतील मिस्सा एकामागून एक होतात. एका भाषेची मंडळी उठली की दुसरीची बसतात, आणि आपल्या मिस्सेची वेळ होईपर्यंत सावली धरून बसलेली कुटुंबे शिदोरी सोडतात. वाहनांचा बंदोबस्त करता करता पोलिसांची तारांबळ उडते, ती निराळीच.

या गर्दीत ख्रिस्तेतर पुष्कळ असतात. त्यावर सर्वधर्मसमभावाची स्तुतिपर वाक्ये लिहिण्याचा आपल्याकडे रिवाज आहे; मला मात्र कारण अधिक साधे दिसते. बाळ येशू नवसाला पावतो, ही ख्याती पंचक्रोशीत पसरली आहे, आणि मूल व्हावे, दुखणे हटावे, नोकरी लागावी म्हणून हाती मेणबत्ती धरून रांगेत उभी राहिलेली बाई पुढचीचा धर्म विचारीत नाही. रांग किती लांबली, एवढेच विचारते.