प्रकाशाची प्रदक्षिणा

रात्रीच्या वेळी संथ पाण्यावरून जाणाऱ्या नावेत डोळे मिटून बसले, तर नाव चालली आहे की थांबली आहे, हे कळत नाही. आपली पृथ्वी हीदेखील अशीच एक प्रचंड नाव आहे. ती स्वतःभोवती अखंड फिरत असते. परंतु तिचे फिरणे आपल्याला जाणवत नाही. सूर्य आणि तारे उगवतात व मावळतात, त्यावरून आपण ते ओळखतो. पण समजा, आकाश दिसलेच नाही, तर? दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत बसून पृथ्वी फिरते आहे, हे ओळखता येईल काय? प्रकाशाच्या साहाय्याने ते ओळखता येते. कसे, ते पाहू.

एका वर्तुळाकार मैदानाच्या कडेला एक मुलगा निशाण घेऊन उभा आहे. त्याच्यापासून दोन मुले सारख्याच वेगाने, परंतु विरुद्ध दिशांनी, कडेकडेने धावत सुटली. निशाणवाला जागचा हलला नाही, तर दोघेही एकाच क्षणी त्याच्यापाशी परत येतील. परंतु तो स्वतःच कडेकडेने उजवीकडे चालू लागला तर? उजवीकडे धावत गेलेल्या मुलाला पुरा फेरा करून शिवाय त्याला गाठावे लागेल. डावीकडे गेलेल्या मुलाला मात्र तो अलीकडेच समोरून येऊन भेटेल. म्हणजे एकाला उशीर होईल आणि दुसरा लवकर पोहोचेल.

१९१३ साली झॉर्झ सान्याक या फ्रेंच शास्त्रज्ञाने हीच शर्यत प्रकाशाच्या दोन किरणांमध्ये लावली. एका फिरत्या तबकडीवर त्याने दिवा, आरसे आणि छायाचित्राची काच बसवली. एकाच किरणाचे दोन भाग करून त्याने ते आरशांच्या योगाने विरुद्ध दिशांनी फिरवून आणले. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. मग त्याला झालेला उशीर मोजणार कोणत्या घड्याळाने? येथे प्रकाशच घड्याळाचे काम करतो. प्रकाश लाटांच्या रूपाने जातो. दोन किरणांच्या लाटा एकमेकींत मिसळल्या, की उजळ व काळे पट्टे उमटतात. एक किरण यत्किंचित मागे पडला, तरी हे पट्टे सरकतात. तबकडी फिरू लागताच सान्याकचे पट्टे सरकले. ती उलट फिरवताच ते उलट दिशेला सरकले.

तबकडी फिरवता येते, थांबवताही येते. पण पृथ्वी कोण थांबवणार? आणि ती थांबली नाही, तर पट्टे मूळ जागेवरून किती सरकले, हे कसे कळणार? ही अडचण अमेरिकेतील मायकेलसन आणि गेल या शास्त्रज्ञांनी १९२५ साली मोठ्या युक्तीने दूर केली. शिकागो शहराजवळ क्लिअरिंग येथे त्यांनी जमिनीवर लोखंडी नळांचा एक आयत रचला. त्याची लांबी २०१० फूट आणि रुंदी १११३ फूट होती. हवेच्या हालचालीने पट्टे थरथरू नयेत, म्हणून नळांतील हवा काढून टाकली. मोठ्या आयताच्या जोडीला त्यांनी एक लहान आयतही केला. लहान आयतात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम जवळजवळ दिसत नाही. म्हणून त्यातील पट्टे ही मूळ जागेची खूण ठरली आणि मोठ्या आयतातील पट्टे तिच्याशी ताडून पाहता आले.

पट्ट्याच्या रुंदीचे १००० भाग कल्पिले, तर गणिताप्रमाणे पट्टे २३६ भाग सरकावयास हवे होते. २६९ वेळा निरीक्षणे करून सरासरी काढली, तेव्हा ती २३० भाग आली! नळांच्या बाहेर डोकावूनही न पाहता प्रकाशाने पृथ्वीच्या फिरण्याची साक्ष दिली होती. मायकेलसन यांनी त्या वेळी वयाची सत्तरी ओलांडली होती.

पुढे लेसर किरणांचा शोध लागला आणि हे प्रचंड यंत्र हातात मावेल एवढे झाले. आज अनेक विमानांत काचेच्या लहानशा ठोकळ्यात विरुद्ध दिशांनी फिरणारे असे किरण असतात. ढगांत शिरल्यावर वैमानिकाला बाहेरचे काही दिसत नाही. तरी विमान कोणत्या बाजूला किती वळले, हे ते किरण अचूक सांगतात. जर्मनीतील वेटझेल येथे तर जमिनीखाली ४ मीटर बाजूचा एक चौरस आहे. त्यातील किरण पृथ्वीच्या फिरण्यातील अतिसूक्ष्म बदलही टिपतात.

जी गोष्ट थांबवता येत नाही, तीही मोजता येते. मात्र त्यासाठी युक्ती हवी, आणि २६९ वेळा तेच काम मन लावून करण्याची चिकाटीही हवी.