सात हजार टनांची धाव

सिंहगडाचा घाट सायकलवर चढणाऱ्याला दहा किलोमीटर पळणं म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. मलाही वाटलं. पहिल्याच दिवशी पुरे दहा पळालो. धापसुद्धा लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कठडा दोन्ही हातांनी धरून, अंग आडवं करून एकेक पायरी उतरलो. पोटऱ्यांना बोट लावू देववेना.

मग वही घेऊन हिशेब मांडला. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार पायावर येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाला १७५ किलो. पाऊल मीटरभराचं धरलं, तर दहा किलोमीटरला १०,००० पावलं आणि भारांची बेरीज १,७५० टन! मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, तिची बेरीज जवळजवळ ७,४०० टन. दहा-दहा टनांचे सातशेहून जास्त ट्रक, आणि पेलायला दोन घोटे.

सायकलवर मिनिटाला ९० फेरे मारले तर तीन तासांत १६,२०० होतात, पण त्यात पाऊल एकदाही आपटत नाही. बरंचसं वजन सीट आणि हँडल वाटून घेतात. पळताना पाऊल टेकलं की मांडीचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो. सायकलवर हे काम त्याला जवळजवळ पडतच नाही. म्हणून सायकलवाल्याचा दम त्यालाच फसवतो. छाती म्हणते, अजून दोन किलोमीटर. टाचेमागच्या जाड शिरेला मात्र तयार व्हायला कित्येक महिने लागतात.

आणि बूट! पायडलला अडकवायच्या बुटाचा तळ कडक, न वाकणारा. पळायच्या बुटाला मऊ फोम हवा. असा अडीचशे ग्रॅमचा बूट ६०० किलोमीटर चालला, तर त्याच्या वाट्याला तीन लाख पावलं येतात. बेरीज ५२,५०० टन. आपली ‘विक्रांत’ विमानवाहू नौका ४५,००० टनांच्या आसपास आहे. टायर घासलेला दिसतो, फोम आतल्या आत दबतो. वरून बूट नवा वाटत असतानाही. मी आता बुटाचे किलोमीटर वहीत लिहितो.

सुरुवात पुन्हा केली: एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं दहा वेळा. पळण्याची पावलं साधारण १,७००, भार तीनशे टन. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड एवढंच. मधल्या दिवशी सायकल.