आहार आणि कर्करोग : आजाराआधी विचारायचा प्रश्न



घरात कर्करोगाचे निदान झाले की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टरसाहेब, आमच्या खाण्यात काय चुकलं?" विचारणारी बहुधा त्या घरची अन्नपूर्णा असते.

होमिओपॅथीत आम्ही रोग्याच्या खाण्यापिण्याची बारकाईने चौकशी करतो. पण या प्रश्नाचे उत्तर त्या चौकशीतून मिळत नाही. आजारी माणूस मागे वळून पाहतो तेव्हा त्याला लोणचे आठवते, तळण आठवते. तेवढेच खाल्लेल्या निरोगी शेजाऱ्याला ते आठवतही नाही. म्हणून प्रश्न आजाराआधी विचारायचा. निरोगी माणसांचा मोठा समूह घ्यायचा, त्यांचा आहार नोंदवायचा आणि पुढे वर्षानुवर्षे कोणाला काय होते ते पाहायचे. याला कोहॉर्ट अभ्यास म्हणतात.

भोपाळला ही पद्धत परकी नाही. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने बाधित आणि अबाधित वस्त्यांतील माणसांच्या याद्या करून त्यांच्या प्रकृतीचा अनेक वर्षे मागोवा घेतला. मुंबईत १९९० च्या दशकात मतदारयाद्यांवरून पस्तिशीपुढील सुमारे दीड लाख लोक नोंदवून तंबाखूचे परिणाम तपासले गेले.

समजा, आहारासाठी असा अभ्यास आपण इथे आखला. पहिला प्रश्न संख्येचा. हिशेबापुरते धरू की, वर्षाला हजारात एकाला कर्करोग होतो. मग ५० हजार माणसे १० वर्षे पाहिली तर रुग्ण मिळतील ५००. ते तोंड, स्तन, जठर, आतडे असे विभागले की प्रत्येक वाट्याला थोडेच उरतात. म्हणून समूह मोठा हवा आणि धीरही मोठा हवा.

दुसरा प्रश्न ताटाचा. "तेल किती खाता?" याला कोण काय सांगणार? त्यापेक्षा महिन्याला डबा किती लागतो आणि जेवणारी माणसे किती, हे विचारावे. सकाळचे पोहे-जिलेबी, उपासाची साबुदाण्याची खिचडी, चातुर्मासातले वर्ज्य पदार्थ, सारे यादीत हवे. आणि नोंद एकदाच नव्हे, प्रत्येक ऋतूत हवी.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. भोपाळच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंड, जीभ आणि घशाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे दिसत आले आहे. त्यामागे तंबाखू आहे. तंबाखू खाणाऱ्याचा आहारही अनेकदा वेगळा असतो. तंबाखू, दारू, वय, मिळकत आणि आपल्या शहरात वायुबाधाही वेगळी नोंदवली नाही, तर दोष तंबाखूचा आणि शिक्षा भाजीला, असे व्हायचे.

चौथा प्रश्न माणसे टिकवण्याचा. लेक लग्न होऊन पुण्याला जाते, मुलगा इंदूरला, घर कोलारला हलते. हरवलेला प्रत्येक पत्ता निष्कर्ष लंगडा करतो. शिवाय सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत आढळलेले रुग्ण वेगळे काढावे लागतात, कारण आत दडलेल्या आजारानेच त्यांची भूक आधी बदललेली असू शकते.

आता माझे स्वतःचे सांगतो. मी जैन, शाकाहार तारतो, हे बालपणापासून मनात बसलेले. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या कोहॉर्टमध्ये शाकाहाऱ्यांत एकूण कर्करोग थोडा कमी आढळला, पण मोठ्या आतड्याचा कमी आढळला नाही. वाचून मी चमकलो. दुसरीकडे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्ककारक ठरवले, त्यात अशाच अभ्यासांचा मोठा आधार होता. म्हणजे ही पद्धत कोणाच्याही श्रद्धेची बाजू घेत नाही. माझे मत खोटे ठरवू शकेल असाच अभ्यास माझ्या कामाचा.

म्हणून त्या माउलीला मी आता एवढेच सांगतो : "तंबाखू घराबाहेर काढा. पण हजारो ताटं वर्षानुवर्षं पाहिल्याशिवाय जे कळत नाही, त्याचा दोष एका ताटावर ठेवू नका. आणि ते वाढणाऱ्या हातांवर तर मुळीच नाही."