सुपरहिरोला टाके पडत नाहीत

मी चित्रपटांचा जाणकार नाही. घरातली तरुण मंडळी वर्षाकाठी चार-सहा वेळा मला चित्रपटगृहात ओढून नेतात, आणि त्यांची आवड म्हणजे सुपरहिरोंचे किंवा विज्ञानकथांवरचे चित्रपट. गेल्या दहा-बारा वर्षांत असे बरेच पाहून झाले. माणूस उडतो, भिंतीतून आरपार जातो, भूतकाळात जाऊन परत येतो, याला माझी काहीच हरकत नाही. आमची पिढी पुराणकथा ऐकत वाढली. हनुमंताने द्रोणागिरी उचलला तेव्हा आम्ही आजीला त्याच्या मणक्यांची काळजी बोलून दाखवली नाही. माझी हरकत उडण्याला नाही, पडल्यानंतर लगेच उठण्याला आहे.

२०२५ साली आलेल्या ‘सुपरमॅन’पासून सुरुवात करू. चित्रपट सुरू होतो तोच नायक लढाई हरून बर्फात कोसळलेला दिसतो. तोंडातून रक्त, मोडलेली हाडे. त्याचा क्रिप्टो नावाचा कुत्रा त्याला फरफटत घरी नेतो, तिथले यंत्रमानव त्याच्यावर सूर्यप्रकाश एकवटतात आणि काही क्षणांत हाडे जुळून येतात. हा प्रसंग मला आवडला, कारण हाडे जुळताना तो वेदनेने ओरडतो. वेदना दाखवण्याचे सौजन्य या प्रकारात दुर्मीळ आहे. प्रत्यक्षात मोडलेली बरगडी जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस खोकणे, शिंकणे, कुशीवर वळणे या साध्या क्रियाही परीक्षा पाहतात. राहिले ऊन. ते हाड जोडत नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करून अन्नातले कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते. उन्हाच्या देशात राहून आपल्यापैकी अनेकांना त्याचीही कमतरता असते, कारण आपण उन्हात जातो कुठे?

याच चित्रपटातल्या चुंबनदृश्याला आपल्या परीक्षण मंडळाने कात्री लावली, यावर बरीच चर्चा झाली. ती कात्री माझ्या हाती असती तर मी दुसरे दृश्य कापले असते, आणि तेही या एका चित्रपटातले नाही, बहुतेक सगळ्याच चित्रपटांतले. पात्राच्या डोक्यावर फटका बसतो, ते तासभर बेशुद्ध पडते, मग डोळे उघडून मान चोळते आणि पुन्हा लढायला निघते. वैद्यकीयदृष्ट्या यापेक्षा घातक खोटे पडद्यावर क्वचितच दाखवले जात असेल. डोक्याच्या मारामुळे आलेली बेशुद्धी ही झोप नव्हे. ती काही क्षणांचीच असली तरी डॉक्टरांनी तपासणे आवश्यक असते. मिनिटे उलटूनही माणूस शुद्धीवर येत नसेल, तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते. त्याहून फसवी स्थिती म्हणजे, माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चहा पितो, ‘काही नाही झालं’ म्हणतो, आणि कवटीच्या आत रक्तस्राव चालू असल्यामुळे काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होतो. म्हणून मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, आकडी, किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ बाथरूममध्ये पडून डोके आपटले असेल, तर लक्षणांचीही वाट पाहू नये.

या बाबतीत खरे बोलणारा एक चित्रपट मला आठवतो: २०१४ चा ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’. ग्वेन स्टेसी उंचावरून पडते. स्पायडरमॅनचा तंतू तिला जमिनीच्या अगदी जवळ पकडतो, तरीही ती वाचत नाही. चित्रपटगृहात शेजारच्या मुलांना हा अन्याय वाटला. मला मात्र प्रथमच कोणीतरी पदार्थविज्ञान पाळले असे वाटले. इजा पडण्याने होत नाही, एकदम थांबण्याने होते. शरीर थांबले तरी मेंदू कवटीच्या आत पुढे जातो आणि हाडावर आदळतो. याच कारणासाठी आयर्न मॅनचे पोलादी चिलखत मला मनापासून पटत नाही. टणक कवचाने कातडी वाचेल, मेंदूचे काय? तुमच्या स्कूटरवरचे हेल्मेट त्या चिलखतापेक्षा हुशार आहे. त्याचे खरे काम बाहेरचे चकचकीत कवच एकट्याने करत नाही. आतले थर्माकोलसारखे अस्तर आघाताच्या वेळी चेपते आणि डोक्याला थांबायला किंचित जास्त वेळ देते. तो किंचित वेळ म्हणजेच आयुष्य. त्यामुळे एकदा जोरदार आघात सोसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे, आणि हनुवटीखालचा पट्टा न लावता घातलेले हेल्मेट ही केवळ टोपी समजावी.

आता त्या देहांविषयी. पोटावरचे स्नायू मोजता येतील असा नायक पडद्यावर आला की तरुण मुले सावरून बसतात. त्यांना हे कुणी सांगत नाही की तो देह त्या अभिनेत्याचाही रोजचा नसतो. वुल्व्हरिनची भूमिका करणाऱ्या ह्यू जॅकमनने, उघड्या अंगाच्या दृश्यांआधी आपण पाणी तोडत असू, हे स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. शरीरातले पाणी कमी झाले की कातडी स्नायूंवर ताणून बसते आणि प्रत्येक रेषा दिसते. म्हणजे ज्याला प्रेक्षक सामर्थ्य समजतात, तो त्या क्षणी तहानलेला, थकलेला माणूस असतो. त्याच्या दिमतीला प्रशिक्षक आणि आहारतज्ज्ञ असतात, चित्रण संपले की तो पाणी पितो. आपल्याकडचा अठरा-वीस वर्षांचा मुलगा मात्र एखाद्या लग्नासाठी किंवा व्यायामशाळेतल्या स्पर्धेसाठी पाणी तोडतो, जोडीला कुणीतरी सुचवलेल्या लघवीच्या गोळ्या घेतो, आणि पोटॅशियम ढासळून हृदयाची लय बिघडते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनांची कथा तर आणखी वाईट: अंडकोष आकसतात, शुक्रजंतू घटतात, हृदयाचा स्नायू जाड होतो. डब्यावर ‘प्रोटीन’ लिहिले आहे म्हणजे आत केवळ प्रोटीनच आहे, असेही गृहीत धरू नये. मुलगा व्यायाम करतो याचा आनंद जरूर माना. तो काय घेतो हे मात्र न रागावता विचारा. रागावून विचारले तर खरे उत्तर मिळत नाही.

देहाचा उलटा चेहरा २०१९ च्या ‘अव्हेंजर्स: एंडगेम’मध्ये आहे, आणि त्यावर माझे मत आमच्या घरात कुणालाच मान्य नाही. थॉर हा देवांचा राजपुत्र. आईवडील, भाऊ आणि निम्मी प्रजा गमावल्यानंतर पाच वर्षांनी तो दिसतो तेव्हा पोट सुटलेले, दाढी वाढलेली, हातात बिअर आणि समोर व्हिडिओ गेम. सारे प्रेक्षागृह हसले. मला त्यात दु:खाने खचलेला माणूस आणि त्याने दारूत शोधलेला आडोसा दिसत होता. असे रुग्ण आपल्याकडे लठ्ठपणा कमी करून मागायला येतात. लठ्ठपणा हे लक्षण असते. पुढे काळाच्या मागे जाऊन तो आपल्या आईला, फ्रिगाला भेटतो. ती त्याला एका नजरेत ओळखते, त्याचे दु:ख ऐकून घेते, धीर देते, आणि निरोप घेताना जाता जाता सांगते की बाळा, थोडी कोशिंबीरही खात जा. हा क्रम मला फार मोलाचा वाटला. आपल्याकडे नातेवाईक कोशिंबिरीपासून सुरुवात करतात आणि पुष्कळदा तिथेच थांबतात.

टोनी स्टार्कची गोष्ट अधिक नेमकी आहे. ‘आयर्न मॅन ३’मध्ये (२०१३) तो मित्राबरोबर खात बसलेला असताना एक लहान मूल त्याच्याकडे चित्रावर सही मागते, आणि त्याचा श्वास कोंडतो. तो धावत बाहेर जाऊन चिलखतात शिरतो आणि संगणकाला हृदय तपासायला सांगतो, मेंदू तपासायला सांगतो, विषबाधा झाली का विचारतो. उत्तर येते: चिंतेचा तीव्र झटका. रात्र-रात्र जागणारा हा अब्जाधीश क्षणभर त्यावर विश्वास ठेवायला तयार होत नाही. कोणत्याही दवाखान्यात आठवड्याला एकदा तरी हे नाट्य घडते. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. छातीत प्रथमच दुखले, घाम आला, दम लागला, तर ते ‘टेन्शन’ आहे असे घरच्या घरी ठरवू नका. ईसीजी आधी, मत नंतर. मात्र पुरेशा तपासण्या होऊन हृदय निर्दोष ठरल्यावर पाचवा ईसीजी हा उपचार नव्हे. चिंतेच्या झटक्यावर समुपदेशनाचे आणि औषधांचे चांगले उपचार आहेत, आणि ते घेणारा माणूस दुबळा नसतो. ज्या मुलांना हे आपण सांगून पटत नाही, त्यांना टोनी स्टार्कचे उदाहरण चटकन पटते.

‘थॉर: लव्ह अँड थंडर’ (२०२२) हा एरवी मला पोरकट वाटला. त्यात थॉरचे सुटलेले पोट गाण्याच्या एका तुकड्यात सपाट होते, यावर न बोललेलेच बरे. पण त्यात जेन फोस्टर आहे. तिला चौथ्या अवस्थेतला कर्करोग झालेला आहे. थॉरचा जादूचा हातोडा हाती धरला की ती बलाढ्य, तेजस्वी होते. खाली ठेवला की पूर्वीपेक्षा अधिक खंगलेली. हातोडा तिला बरे करत नसतो, रोगाशी झुंजण्याची तिची शक्तीच शोषून घेत असतो. केमोथेरपी अर्ध्यावर सोडून हमखास गुणाच्या काढ्यामागे गेलेल्या, पहिले दोन आठवडे ‘आता एकदम बरं वाटतंय’ म्हणणाऱ्या रुग्णांची याहून चपखल प्रतिमा मी पाहिलेली नाही.

पडद्याबाहेरची गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘ब्लॅक पँथर’ २०१८ साली आला. वाकांडाच्या राजाची भूमिका करणाऱ्या चॅडविक बोसमनला २०१६ मध्येच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले होते, तेही तिसऱ्या अवस्थेत. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी चालू असताना तो चित्रपट करत राहिला. जगाला त्याने कळू दिले नाही. २८ ऑगस्ट २०२० रोजी तो गेला. वय ४३. २०२२ च्या ‘वाकांडा फॉरेव्हर’ची सुरुवातच राजाच्या आजारपणाने होते. त्याची बहीण शुरी प्रयोगशाळेत औषधासाठी जिवाचे रान करते आणि ते वेळेत तयार होत नाही. जगातला सर्वांत प्रगत देश, आणि हात टेकलेले. त्या पहिल्या काही मिनिटांत चित्रपटगृहात खाण्याच्या पिशव्यांचा आवाजही नव्हता.

निदानाच्या वेळी तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. अमेरिकेत २०२१ साली या कर्करोगाच्या चाळणी तपासणीचे वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणले गेले. त्या नियमातही तो बसला नसता. म्हणजे वयावर विसंबून चालत नाही, लक्षणांकडे पाहावे लागते. आपल्याकडची अडचण अशी की शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध, हा निर्णय रुग्ण स्वतः घेतो, मलम आणतो आणि वर्ष काढतो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण ते तपासून ठरवायचे असते. डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी दोन मिनिटांची असते आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. त्याबरोबर काही आठवडे बदललेली शौचाची सवय, पोट साफ न झाल्याची सततची भावना, कारणाशिवाय घटणारे वजन, पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये आढळलेला रक्तक्षय, किंवा घरात आईवडील वा भावंडांपैकी कुणाला हा आजार झालेला असेल, तर दुर्बिणीची तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपी टाळू नये. लवकर सापडलेला हा कर्करोग बरा होऊ शकतो.

मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, असे पालक विचारतात. आता प्रमाणपत्रावर यूए ७+, १३+, १६+ असे वय छापलेले असते; ते तिकीट काढताना वाचावे, एवढेच. घरात फेफऱ्याचा रुग्ण असेल तर झगमगत्या उघडझाप प्रकाशाच्या दृश्यांविषयी आधी चौकशी करावी. २०१८ च्या ‘इन्क्रेडिबल्स २’च्या वेळी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांना तशा सूचना लावाव्या लागल्या होत्या. ‘जोकर’ (२०१९) हा कॉमिक्समधला खलनायक असला तरी मुलांचा चित्रपट नव्हे. मोठ्यांनी तो पाहताना एवढे लक्षात ठेवावे की मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात.

आणि ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, त्यांनी मुले झोपल्यावर ‘लोगन’ (२०१७) पाहावा. तो प्रौढांसाठीचा आहे, रक्तपात भरपूर आहे, पण मला त्यातल्या मारामाऱ्या आता आठवतही नाहीत. आठवतो तो नव्वदी ओलांडलेला प्रोफेसर झेव्हियर. जगातला सर्वांत बलवान मेंदू विकाराने पोखरलेला, मध्येच झटके येणारे, कधी ओळख, कधी शिवीगाळ. त्याला सांभाळणारा लोगन स्वतः म्हातारा होत चाललेला. त्याच्या जखमाही आता पूर्वीसारख्या भरत नाहीत. तो भाड्याची मोटार चालवून औषधांचे पैसे जमवतो, वेळेवर गोळ्या देतो, चिडतो, ओरडतो, आणि तरीही म्हाताऱ्याला उचलून शौचालयात नेतो. इतकी वर्षे पोलादी नख्यांनी शत्रू फाडणारा हा नायक तिथे मला प्रथमच ओळखीचा वाटला. त्याच्यासारखी मुले-सुना मी रोज पाहतो. औषधांची चिठ्ठी घेऊन त्या रांगेत उभ्या असतात, रुग्णाचा रक्तदाब किती ते त्यांना तोंडपाठ असते, आणि स्वतःचा शेवटी कधी मोजला हे विचारले तर आठवावे लागते.