डुप्लिकेट वेगळे, हॅक वेगळा! '९९९९९९ इन १'मधला मारिओ नेमका कोणाचा होता?

पिवळ्या कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले असायचे. फुंकर मारून ती कॅसेट टीव्ही व्हिडिओ गेममध्ये बसवली, की मेनूत मारिओ पाच-सहा वेळा सापडायचा. एका ओळीवर बटण दाबले तर खेळ नेहमीसारखा सुरू व्हायचा, दुसरीवर थेट आठव्या वर्ल्डमध्ये. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे आपल्याकडच्या मुलांनी मारिओ पाहिला तो असा. यंत्र जपानच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल, कॅसेट विनापरवाना आणि मेनूतल्या बऱ्याच नोंदी म्हणजे एकाच गेममध्ये कोणीतरी केलेले फेरफार.

हेच फेरफार आज जगभरातले चाहते हौसेने, नाव लावून करतात. त्याला 'रॉम हॅक' म्हणतात. 'हॅक' शब्द ऐकला की बँक खाते रिकामे होण्याची भीती वाटते, पण इथे तो अर्थ नाही. जुन्या गेमचे नकाशे, रंग, शत्रू, नियम बदलून केलेली ही नवी आवृत्ती असते.

कॅम्प २ मधून पाहिले तर...

उल्हासनगरचा 'मेड इन यूएसए'चा विनोद, म्हणजे 'यूएसए'चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, एव्हाना सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. आम्हा इथल्या लोकांना तो कल्याणच्या पुढे गेले की कोणीतरी ऐकवतोच. त्यामुळे चाहत्यांनी बदललेला मारिओ म्हटले, की 'म्हणजे डुप्लिकेटच ना?' हा प्रश्न पहिला येतो. पण हे शहर जीन्स शिवते. तयार जीन्स विकत घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरकडून तिची लांबी कमी करून घेणे आणि दुसऱ्या कंपनीचे लेबल लावून तशीच जीन्स विकणे, यातला फरक गजानन मार्केटमध्ये कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिल्याला 'अल्टर' म्हणतात. रॉम हॅक हे अल्टरचे काम आहे.

मूळ कापड केवढे?

'सुपर मारिओ ब्रदर्स' जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला. त्याच्या कॅसेटमध्ये प्रोग्रामसाठी ३२ केबी आणि चित्रांसाठी ८ केबी एवढीच जागा होती. एकूण ४० केबी. व्हॉट्सॲपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो बहुधा याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत ३२ लेव्हल, संगीत आणि शत्रू बसवायचे म्हणून काटकसर किती, तर आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे हे एकच चित्र आहे. एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा.

ही काटकसर चाहत्यांच्या पथ्यावर पडली. गेम लहान असल्याने कोणती माहिती कुठल्या बाइटमध्ये आहे, हे शोधणे शक्य झाले. उदाहरणार्थ, 'सध्या कोणता वर्ल्ड चालू आहे' हे गेम एका बाइटमध्ये लक्षात ठेवतो. पहिल्या वर्ल्डसाठी तिथे ० असतो, आठव्यासाठी ७. खेळ सुरू होताना तिथे ७ लिहिले, की झाला 'नवा' गेम! '९९९९९९ इन १'चा फुगवलेला आकडा अशाच युक्त्यांवर उभा होता. वेगळे गेम मूठभर, बाकी त्यांचीच पिल्ले. (आठव्या वर्ल्डवाल्या ओळीवर मी लहानपणी असंख्य वेळा बटण दाबले. त्या वर्ल्डमध्ये मधला थांबा नसतो, मेलात की लेव्हल पहिल्यापासून. शेवटचा राजवाडा मी तेव्हा कधीच पाहिला नाही.)

एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात, मग आठच वर्ल्ड का? हा प्रश्न जपानी मुलांना ऐंशीच्या दशकातच पडला होता. यंत्र चालू असतानाच मारिओची कॅसेट उपटून 'टेनिस'ची घालायची, थोडे खेळायचे आणि पुन्हा मारिओची बसवायची. टेनिसमधला उरलेला आकडा मारिओ वर्ल्डचा क्रमांक म्हणून वाचायचा आणि पडद्यावर निर्मात्यांनी कधी आखलेच नव्हते असे विचित्र वर्ल्ड उघडायचे. घरी यंत्र असेल तर करून पाहू नका, एवढेच सांगतो.

आपल्याकडचे याहून मोठे उदाहरण रणगाड्यांचे आहे. अनेकांच्या आठवणीतला 'टँक १९९०' हा मुळात नामको कंपनीच्या १९८५ च्या 'बॅटल सिटी'चा हॅक. पाणी ओलांडायला मिळणारी होडी आठवते? ती मूळ गेममध्ये नाहीच. फेरफार करणाऱ्याने ती घातली आणि त्याचे नाव न कळताच लाखो मुले ती होडी मिळवायला धावली.

गेम न देता हॅक कसा देतात?

आजचे चाहते सहसा पूर्ण गेम वाटत नाहीत, फक्त 'पॅच' वाटतात. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र असते ना, 'पान ४२, ओळ ७ : अमुकऐवजी तमुक वाचावे'? पॅच अगदी तसाच. 'आयपीएस' या जुन्या प्रकारच्या पॅचमध्ये प्रत्येक नोंद तीन गोष्टी सांगते : फाइलमध्ये किती बाइट पुढे जायचे, तिथे किती बाइट बदलायचे आणि त्या जागी काय लिहायचे. शुद्धिपत्र हातात असून पुस्तक नसेल तर काही वाचता येत नाही. तसेच मूळ गेमशिवाय पॅच निरुपयोगी. ही निव्वळ तांत्रिक सोय नाही. कॉपीराइट असलेला भाग शक्यतो हातचा हाती द्यायचा नाही, ही त्यामागची काळजी आहे.

खेळताना काय वेगळे लागते?

मूळ मारिओ खेळाडूला शिकवत शिकवत पुढे नेतो. पहिल्याच लेव्हलमध्ये पहिला शत्रू समोरून येतो आणि उडी मारावीच लागते. पहिले मशरूम पाइपला आपटून परत तुमच्याकडेच येते, म्हणजे नवख्यालाही ते मिळते आणि 'हे खायचे असते' असे कळते.

हॅक करणारा असे गृहीत धरतो, की हे सगळे तुम्हाला पाठ आहे. आणि मग त्याच पाठांतराचा काटा काढतो. आचार्य अत्र्यांची 'झेंडूची फुले' ज्याने मूळ कविता वाचल्या होत्या त्यालाच पुरती हसवू शकली. हॅकचेही तसेच आहे, हे विडंबन आहे. याचा कळस म्हणजे 'कायझो'. 'कायझो' म्हणजे जपानीत फेरफार. २००७ च्या सुमारास टी. ताकेमोतो नावाने वावरणाऱ्या एका जपानी चाहत्याने 'सुपर मारिओ वर्ल्ड' या १९९० च्या गेमचा अतिअवघड हॅक केला, तोही मित्राला खेळायला लावून त्याची फजिती पाहण्यासाठी. त्यातला कुप्रसिद्ध प्रकार म्हणजे अदृश्य ठोकळा. खड्ड्यावरून उडी मारण्याची जी एकमेव नैसर्गिक जागा, नेमका तिथेच तो असतो. डोके आपटते आणि मारिओ खड्ड्यात. पहिल्या वेळी कोणीही वाचत नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही त्या जागेला घाबरता आणि पुढचा सापळा तुमच्या त्या घाबरण्यासाठी लावलेला असतो.

ऐकायला हा छळ वाटतो. पण तिसाव्या प्रयत्नात पाच सेकंदांचा तुकडा पार झाला, की चाळीस वर्षांपूर्वीचा गेम पहिल्यांदा खेळल्यासारखा वाटतो. माझ्या मते हॅकची खरी कमाई हीच. मोबाइलवर मात्र अडचण आहे. खऱ्या रिमोटवर अंगठ्याच्या टोकाने पळायचे बटण दाबून ठेवून त्याच अंगठ्याच्या पेराने उडीचे बटण दाबतात. काचेच्या पडद्यावर बटणाची कड लागत नाही आणि अंगठा नकळत सरकतो. अंबरनाथ लोकलच्या गर्दीत तर विचारच सोडा. ब्लूटूथ रिमोट घेतलात तर निम्मी चिडचिड वाचते.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत 'गेम जिनी' नावाचा एक डबा मिळायचा. तो कॅसेट आणि यंत्र यांच्यामध्ये बसवला, की जास्त आयुष्ये मिळायची, वाटेल तो वर्ल्ड उघडायचा. निन्टेंडो कंपनी तो डबा विकणाऱ्या गॅलूब कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली आणि हरली. १९९२ मध्ये अपील न्यायालयानेही गॅलूबच्या बाजूने निकाल दिला. पैसे मोजून घेतलेला गेम घरी वेगळ्या पद्धतीने खेळणे म्हणजे चोरी नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता. पण १९९८ मध्ये त्याच अपील न्यायालयाने 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी'साठी खेळाडूंनी बनवलेल्या लेव्हल गोळा करून सीडीवर विकणाऱ्या कंपनीला फटकारले. घरी अल्टर करणे आणि त्याचे दुकान टाकणे, यात न्यायालयाने फरक केला. मूळ गेमच्या फाइली सर्रास वाटणाऱ्यांना तर निन्टेंडो सोडत नाही. २०१८ मधल्या अशाच एका दाव्यात १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रकमेवर तडजोड झाली.

भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे त्याला बॅकअप प्रत काढण्याची आणि ज्या कामासाठी प्रोग्राम घेतला त्यासाठी गरजेचा बदल करण्याची मुभा कलम ५२ देते. चाहत्यांचा हॅक त्या मुभेत कितपत बसतो, यावर वाद घालता येईल. मात्र कलम ६३ ब स्पष्ट आहे : प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते. गेम ४० वर्षांचा झाला म्हणून तो फुकट झाला, हा समज चुकीचा आहे.

डाउनलोड करण्याआधी आकार बघा

गेमची फाइल चालवणारे इम्युलेटर ॲप स्वतः बेकायदा नाही. 'रेट्रोआर्क'सारखे ॲप प्ले स्टोअरवर आहे. मूळ फाइल आणि आयपीएस पॅच एकाच नावाने शेजारी ठेवले, तर ते गेम सुरू करतानाच पॅच लावते आणि मूळ फाइलला हात लावत नाही.

धोका वेगळाच आहे. 'मारिओ मॉड फ्री' अशा नावाने फिरणारी एपीके. पहिल्या मारिओची फाइल ४०,९७६ बाइटची असते : ४० केबी आणि वर १६ बाइटचे शीर्षक. त्याचा पॅच सहसा त्याहूनही लहान. तेव्हा 'मारिओ'च्या नावाखाली ८० एमबीची एपीके आली आणि ती एसएमएस, कॉन्टॅक्ट वाचायची परवानगी मागू लागली, तर ती तिथेच डिलीट करा. आणि पहिलाच हॅक म्हणून कायझो घेऊ नका. फक्त नकाशे बदललेला एखादा साधा हॅक घ्या, ज्यात पहिला शत्रू अजूनही समोरूनच येतो.